ती कावीळ नव्हती

(दहावी, मार्च १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पण त्या संधींबद्दल तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. म्हणून मी विषय बदलते आहे, आणि त्याची परवानगी कालच घेऊन ठेवली आहे. गेल्या दोन वर्षांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्म्या जणांनी मुलांच्या कॉलेज प्रवेशाचे फोटो टाकले. ती मुलं आता होस्टेलवर राहतात. त्यांच्यासाठी बोलते.

२००० साली इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपवून मी वर्षभर इथे वाईला घरीच होते, हे काहींना आठवत असेल. सगळ्यांना सांगितलं होतं, कावीळ झाली आहे. तुम्ही भेटायला आलात. कुणी उसाचा रस आणला, कुणी मोसंबी. एकानं तर मावशीच्या गावाहून झाडपाल्याचं औषध बाटली भरून आणलं. वर्षभर तुमची काळजी घेतली आणि खरं कारण सांगितलं नाही, याची रुखरुख मला तेवीस वर्षं आहे.

ती कावीळ नव्हती. मला बुलिमिया होता. स्वतःला उपाशी ठेवायचं, मग एकदा ताबा सुटला की मिळेल ते खात सुटायचं, आणि मग वजनाच्या धास्तीनं ते उलटून टाकायचं, असं हे चक्र. १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञांनी या आजाराचं वर्णन करून त्याला हे नाव दिलं. माझं वजन किती होतं, मी काय खात होते, हे आकडे मी सांगणार नाही. हा आजार असलेलं कुणी ऐकत असेल तर त्याला असे आकडे स्पर्धेसारखे वाटतात. मलाही तेव्हा तसेच वाटायचे.

शाळेत माझं नाव 'ढोल्या' होतं, गणपती घाटावरच्या आपल्या ढोल्या गणपतीवरून. गंमत म्हणजे त्याच आकाराच्या देवासमोर आपण सगळे परीक्षेच्या सकाळी हात जोडून उभे राहायचो. मी नावावर हसायचे, कारण हसलं की विषय मिटायचा. घाबरू नका, कुणाचा हिशेब चुकता करायला आलेली नाही. आपल्या वर्गातल्या एका बारीक मुलीला 'उदबत्ती' हे नाव मीच ठेवलं होतं आणि ती आत्ता दुसऱ्या रांगेत बसली आहे. नुसत्या टोपणनावानं हा आजार होत नाही, असं मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. घराण्यातला कल असतो, स्वभाव असतो, भोवतालचं जग असतं. आपण आठवीतून नववीत गेलो त्या १९९४मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी विश्वसुंदरी, जगत्सुंदरी झाल्या. त्यानंतर आपल्या आरशांचं काय झालं, ते मुलींना तरी आठवत असेल.

पण खरी सुरुवात पुण्याच्या होस्टेलवर झाली. वाईत मी हुशार मुलगी होते. तिथे सगळ्याच हुशार होत्या, शिवाय त्यांना इंग्रजी यायचं आणि काहींच्या घरी कॉम्प्युटर होता. मी पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला तो प्रॅक्टिकलच्या दिवशी. एम-वनला केटी लागली. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले, आणि त्याच महिन्यात मेसचं जेवण आवडेना म्हणून थोडं वजन उतरलं. दिवाळीला घरी आले तर दारातच आत्या म्हणाली, "अगंबाई, किती छान बारीक झालीस!" केटीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. माझ्या हातात असं एकच काम उरलं होतं, ज्यात कष्ट केले की मार्क पडत होते.

मग मी उपवास धरले. आधी सोमवार, मग गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या. आपल्याकडे उपवास करणाऱ्या मुलीला कुणी 'का' विचारत नाही. मेसच्या मावशी उलट कौतुकानं साबुदाण्याची खिचडी काढून ठेवायच्या आणि मी ती रूममेटला द्यायचे. आई-आजीच्या उपवासांना नावं ठेवत नाही, माझी आजी आयुष्यभर एकादशी करायची आणि द्वादशीला पोटभर जेवायची. माझ्या उपवासाला द्वादशी नव्हती. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांच्या अभ्यासात असं दिसलं, की न खाणाऱ्या तिथल्या अनेक मुली 'मला जाड व्हायची भीती वाटते' असं म्हणतच नव्हत्या; पोट भरल्यासारखं वाटतं, जेवण जात नाही, एवढंच सांगायच्या. आपल्याकडेही हे 'ॲसिडिटी आहे', 'भूकच नाही', 'उपवास आहे' अशा शब्दांत लपतं.

एका रात्री रूममेटच्या घरून आलेला बेसनाच्या लाडवांचा डबा मी एकटीनं संपवला. का, ते मला कळेना. सकाळी तिला खोटं सांगितलं की डब्याला मुंग्या लागल्या होत्या. पुढचं दीड वर्ष असंच गेलं. केस गळत होते, पाळी अनियमित झाली होती, पण बाहेरून मी ठीकठाक दिसायचे. या आजारात वजन पुष्कळदा चारचौघींसारखंच असतं, त्यामुळे बघून ओळखता येत नाही.

ओळखलं ते दाताच्या डॉक्टरांनी. दात शिवशिवतात म्हणून गेले होते. त्यांनी वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू आरशात बराच वेळ पाहिली, मदतनीस मुलीला बाहेर पाठवलं आणि हळू आवाजात विचारलं, "बेटा, वारंवार उलट्या होतात का तुला?" पोटातल्या आम्लानं दातांचं वरचं आवरण नेमकं त्या जागी झिजतं. मी रडायला लागले. त्यांनी दातांचे पैसे घेतले नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि आधी रक्तातलं पोटॅशियम तपासून घे म्हणाल्या. ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दर पंधरा दिवसांनी मी आणि बाबा एसटीनं स्वारगेटला जायचो. डॉक्टरांनी मला एक जुना प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊ कसं घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. ती धडधाकट मनाची मुलं काही आठवड्यांत दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचायची, ताटल्या चाटायची, चिडायची, एकटी राहायची. आणि प्रयोग संपल्यावर काही जण पोट तुडुंब भरलं तरी खात राहिले. हे ऐकताना मला तो लाडवांचा डबा दिसत होता. मी दीड वर्ष स्वतःला हावरट, कमजोर मनाची समजत होते. मी फक्त उपाशी होते.

उपचार दिसायला अगदी साधा होता. दर तीन तासांनी ठरलेलं खायचं, भूक असो वा नसो, आणि वहीत लिहायचं: काय खाल्लं, किती वाजता, त्याआधी काय घडलं, मनात काय आलं. पुढे नोकरीत लॉग वाचून बग शोधायला शिकले तेव्हा ही वही आठवली. महिनाभरात वहीत स्पष्ट दिसलं, की ताबा सुटायचा तो गोड समोर आल्यामुळे नव्हे, दुपारचं जेवण चुकवलं त्या रात्री. सोबत औषधं होती, बोलणं होतं. बरं व्हायला वर्षाच्या वर लागलं, मध्ये दोनदा घसरले.

घरी मात्र वेगळाच गोंधळ. डॉक्टरांचा तक्ता सांगायचा वरण-भात-तूप, पोळी, दुपारी काहीतरी गोड. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण आईला बजावायचा, "काविळीत तेल-तूप अजिबात नको हं!" दार वाजलं की आई तुपाची वाटी ओट्यामागे लपवायची. ती खोटं का बोलली, ते मला कळतं. काविळीला लोक मोसंबी आणतात. मनाच्या आजाराला काय आणतील, आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी काय बोलतील, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं दुपारचं एकही खाणं चुकू दिलं नाही.

आपल्या मराठीच्या बाई तेव्हा तीन-चारदा आल्या होत्या. त्यांना काय कळलं होतं, मी कधी विचारलं नाही. त्या स्वतःचा डबा घेऊन यायच्या, माझ्या शेजारी बसून जेवायच्या आणि वर्गातल्या गमती सांगायच्या. 'खा गं' म्हणाल्या नाहीत, 'बारीक झालीस' नाही आणि 'तब्येत सुधारली' तर नाहीच नाही. बाई, आज तुम्ही समोर आहात, म्हणून सांगते: त्या दिवशीची वही सगळ्यात सरळ असायची.

आता तुमच्या मुलांकडे येते. सुट्टीत मूल घरी आलं की दारात शरीरावर शेरा नको, कौतुकाचासुद्धा. जेवणाच्या वेळी नेमकं बाहेर जाणं, जेवल्याबरोबर उठून बाथरूम गाठणं, अचानक आलेले नवे उपवास, डब्यातून गायब होणारे पदार्थ, कडाक्याच्या उन्हातही ढगळ पूर्ण बाह्या, हे दिसलं तर रागवू नका, ताटावर पहाराही ठेवू नका. बाजूला घेऊन विचारा. मुलगे यातून सुटलेले नाहीत; त्यांचं हे जिम आणि प्रोटीनच्या डब्यांआड चालतं, एवढंच. मानसोपचारतज्ज्ञाकडे लवकर जा, कारण खाण्याच्या आजारांत माणसं दगावतात, आणि अनोरेक्सियाचा मृत्युदर मानसिक आजारांमध्ये वरच्या क्रमांकात मोडतो. कुणाकडे जावं हे सुचलं नाही तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या रांगेतल्या मैत्रिणी, 'उदबत्ती'बद्दल माफ कर. जेवताना तुझ्या शेजारी बसते.

आणि ज्यानं झाडपाल्याचं औषध आणलं होतं त्याला एक कबुली द्यायची राहिली. ते मी एक थेंबही घेतलं नाही, रोज सकाळी मागच्या अंगणातल्या जास्वंदीच्या कुंडीत ओतलं. जास्वंदीला त्या वर्षी भरपूर फुलं आली होती.