मार्चची पॉलिसी आणि रोजची वही
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या ऑफिसच्या जिन्यात चपलांना जागा उरत नाही. किराणावाले येतात, टेलर येतात, इंटिरिअरची कामं करणाऱ्या मुली येतात. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो : "साहेब, टॅक्स वाचवायला कशात पैसे टाकू?" हल्ली मी सांगतो, कशातच टाकू नका. माणूस जरा नाराज होतो. फी देऊन असं उत्तर ऐकायला कोण येतं?

पण खरं तेच आहे. तुम्ही काही न बोलता विवरणपत्र भरलंत, की नवी करप्रणाली आपोआप लागू होते. तिच्यात विम्याच्या हप्त्याला वजावट नाही, पीपीएफला नाही, मेडिक्लेमलाही नाही. पॉलिसी काढायचीच तर बायकामुलांसाठी काढा, प्राप्तिकर खात्यासाठी नको. जुनी प्रणाली निवडता येते, पण धंदेवाईकाला तिथे एक अट आहे. नोकरदार दरवर्षी इकडून तिकडे जाऊ शकतो. आपण फॉर्म १०-आयईए भरून जुनीकडे गेलो आणि मग नवीकडे परतलो, तर धंद्याचं उत्पन्न आहे तोवर जुनीचं दार बंद. तेव्हा शेजारच्या मास्तरांनी काय केलं, हे विचारून निर्णय घेऊ नका.

मास्तरांना पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, ती आपल्याला नाही. आपल्याकडे दुसरं काहीतरी आहे. मास्तरांचा पगार छापूनच येतो. आपलं उत्पन्न मात्र आपण मोजतो. ते कसं मोजायचं याचे रस्ते कायद्यानेच दिलेत, आणि करबचत होते ती तिथे.

आकडे सांगण्याआधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झालाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत. मी बोलतोय ते २०२५-२६ या संपलेल्या वर्षाबद्दल. त्याचं विवरणपत्र १९६१ च्या कायद्यानेच भरायचंय.

किराणावाल्यापासून सुरू करू. उलाढाल १ कोटी ८० लाख. कलम ४४एडी म्हणतं, रोखीने आलेल्या रकमेच्या ८ टक्के नफा धरा. बँकेतून, यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के. प्रत्यक्ष नफा जास्त झाला असेल तर जास्त दाखवा. नाहीतर एवढ्यावर हिशेब मिटतो. आता बघा. सगळी विक्री रोखीने असेल तर उत्पन्न १४ लाख ४० हजार. सेस धरून कर ९९,८४० रुपये. तीच विक्री सगळी यूपीआयने असेल तर उत्पन्न १० लाख ८० हजार. बारा लाखांपर्यंत कलम ८७एची सूट असल्याने कर शून्य. तोच माल आणि तेच गिऱ्हाईक, फरक फक्त पैसे कसे आले याचा. आणि आमचे दुकानदार काय करतात? टॅक्सवाले पकडतील म्हणून क्यूआर कोड गल्ल्यामागे लपवतात. २०२५ च्या जुलैत बंगळुरात जीएसटीच्या नोटिसा आल्या तेव्हा कित्येक फेरीवाल्यांनी कोड काढून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या होत्या. जीएसटीची भीती समजू शकतो, तो कायदा वेगळा आणि त्याच्या मर्यादाही वेगळ्या. पण प्राप्तिकरापुरतं बोलायचं तर त्या कोडला उदबत्ती ओवाळावी.

आता इंटिरिअर डिझायनर घेऊ. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनीअर यांच्याबरोबर हा व्यवसायही ४४एडीए या कलमात येतो. तिथे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची सोय आहे. मर्यादा ५० लाख, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. समजा एका मुलीची वर्षाची जमा २२ लाख आहे. निम्मे ११ लाख, म्हणजे कर शून्य. पण फी देणाऱ्या कंपन्यांनी १० टक्के टीडीएस कापलेला असतो, म्हणजे तिचे २ लाख २० हजार सरकारकडे पडून आहेत. विवरणपत्र भरलं तर परत येतात. "टॅक्स बसत नाही मग रिटर्न कशाला?" असं म्हणणारे लोक मी दर वर्षी बघतो. कापलेला कर दाखवणारा फॉर्म २६एएस उघडून दाखवला की मग खुर्ची पुढे ओढून बसतात.

हीच मुलगी ३० लाखांवर गेली तर? निम्मे १५ लाख, कर सेससह १,०९,२००. ती म्हणते, माझा खर्चच १८ लाख झालाय. मग खरं उत्पन्न १२ लाख, कर शून्य. कायदा परवानगी देतो, पण पूर्ण हिशेब ठेवा आणि ऑडिट करून घ्या म्हणतो. ठीक. वही उघडली. सुताराला चार लाख दिलेत, दर वेळी पंचवीस हजार, रोख. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च कलम ४०ए(३) प्रमाणे धरलाच जात नाही. चार लाख गेले. उत्पन्न १६ लाख, कर १,२४,८००, वर ऑडिटची फी. म्हणजे गुपचूप निम्मे धरले असते ते स्वस्त पडलं असतं! सुताराला चेक दिला असता तर सव्वा लाख वाचले असते. तोही म्हणतो, "ताई, रोखच द्या." द्या, पण त्याच्या हट्टाची किंमत कोण भरतंय ते लक्षात असू द्या.

म्हणून मी म्हणतो, वही रोजची हवी. कीर्द-खतावणी शब्द ऐकून घाबरू नका. बँकेचं वेगळं खातं आणि बिलांची एक फाईल एवढ्यानेही अर्धं काम होतं. लॅपटॉपचा ४० टक्के घसारा, वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर, दुकानाचं भाडं, हे सगळं खर्चात धरता येतं. पण पुरावा नसेल तर मी तरी काय करणार?

बायकोच्या नावाने पगार दाखवू का, असंही विचारतात. ती खरंच काम करत असेल, त्या कामाचं व्यावसायिक शिक्षण तिच्याकडे असेल आणि पैसे बँकेतून वाजवी दराने जात असतील, तर जरूर. नुसतं नाव लावलंत तर तो पगार उलट तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो.

आणि उत्पन्न दडवणाऱ्यांना माझं वेगळं सांगणं नाही. दहा वर्षं अडीच लाख दाखवणारा माणूस अकराव्या वर्षी गृहकर्जाला जातो, बँक रिटर्न मागते, आणि मग तो माझ्याकडे येऊन म्हणतो, "साहेब, मागची तीन वर्षं वाढवून देता का?"

शेवटी माझीच एक फजिती सांगतो. वकिली सोडून करसल्लागार झालो त्या वर्षी लोकांच्या तारखा सांभाळताना स्वतःचा आगाऊ कर भरायचा राहिला. महिन्याला एक टक्का व्याज भरलं, आणि घरी कुणाला सांगितलं नाही. आज सांगितलं. ४४एडी, ४४एडीए घेणाऱ्यांना एकच हप्ता असतो, १५ मार्चला. बाकीच्यांना चार, आणि पहिला १५ टक्क्यांचा हप्ता १५ जूनला.