बिशपांची यादी आणि भाषेचा नकाशा

(गुडीहत्नूर येथे मराठीचे शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कॅथलिक चर्चच्या एखाद्या धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या अधिकारातील प्रदेशाचा, इतिहास विचारला की बहुधा हातात एक यादी पडते. स्थापना अमुक साली, पहिले बिशप अमुक, त्यांच्यानंतर तमुक. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती यादी कोरडी वाटेल. भाषेच्या विद्यार्थ्याने मात्र प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहून पाहावा: या माणसाच्या काळात लोकांशी कोणत्या भाषेत बोलायचे ठरले? हा प्रश्न मी आज आपल्या आदिलाबादच्या धर्मप्रांताला विचारणार आहे. परंतु मराठीच्या संदर्भात तो सर्वांत आधी गोव्यात उपस्थित झाला, म्हणून सुरुवात तिथून करतो.

गोव्याचा धर्मप्रांत 1534 साली स्थापन झाला. तिथे 1579 मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने इथली भाषा शिकून ‘ख्रिस्तपुराण’ रचले. 1616 साली राचोल येथे ते प्रथम छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमात आपण शिकवतो. पण तो धर्मसत्तेची परवानगी घेऊन छापलेला आहे, हे सांगायला विसरतो. त्या परवानगीचा अर्थ असा की तेव्हाच्या चर्चला आपला उपदेश ओवीत बसलेला चालत होता.

हे धोरण टिकले नाही. 1684 साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक भाषा सोडावी. 1745 मध्ये आर्चबिशप लोरेंसु द सांता मारिया यांनी तर लग्न लागण्यासाठी पोर्तुगीज येण्याची अट घातली. ज्या धर्मसत्तेने ओव्या छापू दिल्या, तिनेच पुढे वधूवरांची भाषा तपासायला घेतली. म्हणून ‘चर्चचे भाषाधोरण’ असा एकच शब्दप्रयोग करून भागत नाही. कोणाचा काळ, हे पाहावेच लागते.

याच गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो हा ब्राह्मण कुळातला तरुण. गोव्यात त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळेना, म्हणून तो रोमला गेला आणि 1637 मध्ये बिशप झाला. लॅटिन परंपरेतला तो पहिला भारतीय बिशप मानला जातो. त्याच्याकडे सोपवलेल्या प्रदेशाचे नाव होते ‘इदलकाँव’, म्हणजे पोर्तुगिजांच्या तोंडी पडलेला आदिलखान, विजापूरचा आदिलशहा. त्याने आपले ठाणे आदिलशाहीतल्या डिचोलीला केले. आपल्या जिल्ह्याच्या गावाचे नावही आदिलशहावरूनच पडले असे सांगतात आणि जुनी माणसे त्याला एदलाबाद म्हणत. एकाच राजवंशाचे नाव पोर्तुगीज तोंडात इदलकाँव झाले आणि मराठी तोंडात एदलाबाद. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहावेत. ध्वनिपरिवर्तनाचा पाठ आयताच तयार होतो.

आता अलीकडे येऊ. 1998 साली मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे वसईचेच, आणि त्यांच्या संशोधनप्रबंधाचा विषय तुकाराम. वसईत घरोघरी सामवेदी, वाडवळी अशा बोली आहेत. लिखाणाला प्रमाण मराठी आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचे एकेकाळचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हे एकट्या बिशपने घडवले नाही. लोक मराठी, धर्मगुरू मराठी, मासिक मराठी आणि धर्मप्रांताची हद्दही मराठी मुलखातली, अशा चार गोष्टी तिथे एकत्र आल्या.

आपल्याकडे या चार गोष्टी एकत्र आल्या नाहीत. का, ते पाहू.

विदर्भासाठी नागपूरचा धर्मप्रांत 1887 पासून होता, निजामाच्या राज्यात हैदराबादचा 1886 पासून. 1962 मध्ये चांदा मिशन निर्माण करून ते सी. एम. आय. या केरळी संन्यासी संघाकडे सोपवण्यात आले. केरळबाहेर सिरो-मलबार चर्चला मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र. हे चर्च रोमच्या पोपला मानते, पण त्याची उपासनापद्धती लॅटिन नाही. ती पूर्वेकडची, सिरियाक परंपरेची आहे. त्यांच्यात बिशपच्या नावामागे ‘मार’ लावतात. मराठी कानाला हा शब्द ऐकून पाठ चोळावीशी वाटेल. पण सिरियाकमध्ये त्याचा अर्थ ‘माझे स्वामी’ असा आहे.

1962 या सालाकडे लक्ष द्या. त्याच वर्षीच्या जुलैत सिरो-मलबार चर्चची उपासना सिरियाकऐवजी मल्याळममध्ये होऊ लागली. शतकानुशतके परकी असलेली प्रार्थना ज्यांना नुकतीच आपल्या भाषेत मिळाली होती, ते लोक मराठी, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या मुलखात आले. स्वतःच्या भाषेत प्रार्थना म्हणण्याचे मोल त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

चांदा 1968 मध्ये एक्झार्केट आणि 1977 मध्ये पूर्ण धर्मप्रांत झाला. पहिले बिशप मार जानुआरियुस पालाथुरुथी. 1990 पासून मार विजय आनंद नेडुंपुरम. आपला आदिलाबाद जिल्हा तेव्हा याच धर्मप्रांतात होता. म्हणजे राज्याची सीमा ओलांडून वर्धा, चांदा आणि आदिलाबाद एका बिशपकडे होते. मराठी आणि तेलुगू दोन्ही त्याच्या कामाच्या भाषा असणे भाग होते. 23 जून 1999 रोजी आदिलाबाद वेगळे झाले. पहिले बिशप मार जोसेफ कुन्नत्त, 2015 पासून मार प्रिन्स अँटनी पाणेंगाडन, 2024 पासून मार जोसेफ तच्चापरंबत. यादी संपली.

आता या यादीखाली नकाशा ठेवा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबादमधून नांदेडला गेला, राजुराही पलीकडे गेला आणि मुधोळ नांदेडहून इकडे आला. नांदेड जिल्हा 1977 मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबादच्या लॅटिन धर्मप्रांतात येतो. म्हणून किनवटचा कॅथलिक आणि गुडीहत्नूरचा कॅथलिक यांचा बिशप वेगळा, उपासनापद्धतीही वेगळी. बोली मात्र सीमेवर थांबत नाही. पुढे चांद्याचे बिशपपीठ बल्लारपूरला आणि आदिलाबादचे मंचेरियालला. दोन्ही काझीपेठ–बल्लारशा रेल्वेमार्गावर, पूर्वेकडे. गुडीहत्नूर नागपूर–हैदराबाद महामार्गावर, पश्चिमेकडे. 2016 मध्ये मंचेरियालचा जिल्हाही निराळा झाला. केंद्र कुठे आहे आणि मराठी कुठे आहे, हे यावरून दिसावे.

1999 च्या विभागणीला मी चूक म्हणत नाही. राज्य बदलले की शाळेचे कायदे, कचेरीची भाषा, कागदपत्रे सगळे बदलते. कारभारासाठी सीमेला सीमा जुळवणे सोयीचेच असते. पण सोयीची किंमत कोण देतो, हे विचारले पाहिजे. द्विभाषिक संस्थेचे दोन एकभाषिक भाग झाले की सीमेवरची भाषा कोणाचीच जबाबदारी राहत नाही. हे फक्त चर्चपुरते नाही. आपल्या मराठी शाळांनाही हेच लागू आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने आपण परराज्यातले, आणि तेलंगणाच्या दृष्टीने अल्पसंख्य भाषेचे. दोन्हीकडच्या फायलींत आपण शेवटच्या पानावर असतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे एक काम सांगणे आहे. या भागातल्या चर्चमध्ये, मंदिरात, मशिदीत, विहारात, गोंडांच्या देवस्थानात जा, परवानगी मागा आणि भाषा टिपून घ्या. बाप्तिस्म्याची नोंद कोणत्या लिपीत आहे? थडग्यावरचा मजकूर? लग्नपत्रिका? गाणी कोणत्या भाषेत म्हणतात आणि सूचना कोणत्या भाषेत देतात? साल लिहा, गाव लिहा, माणसाची खासगी माहिती लिहू नका. दहा विद्यार्थ्यांनी वर्षभर हे केले, तर या मुलखातली मराठी कधी आणि कुठे मागे सरली, कुठे टिकली, याचा पहिला पुरावा आपल्या हाती येईल. तो पुरावा मंचेरियालला किंवा मुंबईला बसून गोळा करता येणार नाही.

बिशपांच्या यादीत तुमचे-माझे नाव यायचे नाही. त्या यादीपुढचा भाषेचा रकाना मात्र रिकामा आहे, आणि तो भरायला इथलेच हात लागतील.