गाळ्याचा आधार



पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाच्या मनःस्वास्थ्याचा विषय निघाला, की आजकाल समुपदेशनाची चर्चा सुरू होते. ती अनाठायी नाही. परंतु मुंबईच्या गिरणगावाने हा प्रश्न, त्याला नावही नव्हते तेव्हा, कसा सोसला हे प्रथम पाहिले पाहिजे.

रत्नागिरीहून, साताऱ्याहून माणसे गिरणीत येत. शेती आणि बायकामुले गावी, आणि घरचा कर्ता पुरुष परळ-लालबागच्या चाळीत. साचेखात्यातला कानठळ्या बसवणारा खडखडाट, श्वासावाटे छातीत जाणारे कापसाचे तंतू, पाळीगणिक बदलणारी झोप. बदली कामगाराच्या वाट्याला तर रोज गिरणीच्या दारात उभे राहून आज काम मिळते की नाही, ही धास्ती.

त्यावर उतारा होता तो गाळ्याचा. एकेका गावाची अशी सामाईक खोली असे. वर्गणी ठरलेली, भिंतीशी प्रत्येकाची ट्रंक. रात्रपाळीचा माणूस परते तेव्हा दिवसपाळीचा आपली वळकटी गुंडाळून कामावर गेलेला असे. या गर्दीला सुख म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. पण तेथे माणूस निनावी नव्हता. कोणी जेवणावरून उठला तर ते लगेच लक्षात येई. कोणाचे पाऊल गुत्त्याकडे वळले तर खोलीतला वडीलधारा त्याला फैलावर घेई. (ही पाळत काहींना जाचकही झाली असणार.) गावाकडून आलेले पत्र ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, त्यामुळे एकाची चिंता आपोआप चौघांची होई. शनिवारी भजन, शिमग्याला आणि गणपतीला गाव. खानावळीच्या बाई महिनाअखेरपर्यंत उधारीवर जेवू घालीत, आणि त्यापायी स्वतः सावकाराच्या पाशात अडकत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच भगिनींना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि गिरण्यांबरोबर ही घडीही विस्कटली.

आज बिहार, झारखंड, मराठवाड्यातून येणारा बांधकाम मजूर ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. इमारत पूर्ण झाली की सोबती पांगतात. खिशात मोबाइल आहे, घरच्यांशी रोज बोलणे होते. मात्र जो गाळ्यात न जेवता झोपू शकत नव्हता, तो फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असे सहज सांगू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत हे एकाकीपण अवघ्या देशाने पाहिले. जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावाकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली चिरडले गेले.

आपल्या वसाहतीशेजारी जी इमारत उभी राहत आहे, तिच्या पत्र्यांआड किती माणसे राहतात, ती कोणत्या जिल्ह्यातली आहेत, त्यांतला कोणी चार दिवस आजारी पडला तर त्याला दवाखान्यात कोण नेतो, याची चौकशी येथे बसलेल्यांपैकी कोणी केली आहे काय? येत्या रविवारी ती करता येईल. संध्याकाळी सहानंतर ते घरी असतात.