घेरी आणि तिचे मूळ



घरातले माणूस उभ्या उभ्या कोसळते आणि दोन मिनिटांत उठून बसते. मग कोणी कांदा फोडून हुंगवतो, कोणी जोडा नाकाशी धरतो, कोणी अंगारा लावतो. आमच्या भाचीसाठी आम्ही हे सारे केले. पुढे एका दवाखान्यात 'फेपरे' हे नाव मिळाले. दोन वर्षे गोळ्या चालल्या. घेऱ्या थांबल्या नाहीत. नाव मिळाले म्हणजे रोग कळला, असे आम्ही समजलो. आमची चूक झाली ती इथे.

घेरी हा रोग नव्हे, ती खूण आहे. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडले की शुद्ध जाते. बहुधा कारण साधे असते: उन्हात फार वेळ उभे राहणे, रक्त दिसणे, भीती वाटणे. आडवे होताच माणूस सावरते. पण काहींच्या बाबतीत दोष हृदयाच्या ठोक्यात असतो.

१९५७ साली येर्वेल आणि लांगे-नील्सेन या डॉक्टरांनी नॉर्वेतील एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी. त्या चौघांना घेऱ्या येत आणि त्यांतली तिघे लहानपणीच एकाएकी गेली. त्यांच्या कार्डिओग्राममध्ये 'क्यूटी' हे अंतर लांबलेले होते. पुढे १९६३ मध्ये इटलीत रोमानो यांना आणि १९६४ मध्ये आयर्लंडमध्ये वॉर्ड यांना ऐकू येणाऱ्या माणसांतही हाच आनुवंशिक दोष आढळला. अशांचा ठोका धावताना, पोहताना, कोणाचा दचकल्यानेही बिघडतो. मेंदूचे रक्त तुटते, अंगाला झटके येतात आणि पाहणाऱ्याला फेपरे वाटते.

अखेर एका डॉक्टरांनी आम्हांला दोन प्रश्न विचारले. पडण्यापूर्वी काय घडते? आजी म्हणाली, "पहाटे घड्याळाचा गजर झाला की पोर पडते." घरात कोणी तरुणपणी एकाएकी गेले का? आम्ही गप्प झालो. भाचीची आई, आमची थोरली बहीण, ही मुलगी दोन महिन्यांची असतानाच गेली होती. लोक म्हणाले, नजर लागली. ते मरण कशाने आले हे आता सिद्ध होणार नाही. पण भाचीच्या कार्डिओग्रामवर तेच लांबलेले अंतर निघाले. आता तिला रोजची गोळी आहे, गजराचे घड्याळ घरातून गेले आहे आणि आम्ही भावंडांनीही आपापली तपासणी करून घेतली आहे.

म्हणून सांगणे एवढेच. घेरी आली तर वेळ, प्रसंग आणि आधीचा क्षण लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना ती टिपणे न्या आणि घराण्यातली अकाली मरणेही सांगा. निदानाची अर्धी सामग्री आपल्या माजघरातच असते; आम्ही ती पुष्कळ उशिरा बाहेर काढली.