उतारवयाची मेंढी



वसंत व्याख्यानमालेत थोर विषय निघतात. आम्ही मात्र आज म्हाताऱ्या मेंढीवर बोलणार आहोत. आमचे आयुष्य विडी कामगारांच्या संघटनेत गेले; शाळेशी संबंध थोडाच आला. पण ‘निकामी’ हा शिक्का कोण मारतो आणि कशासाठी मारतो, हे कळायला शाळा लागत नाही.

कारध्यात आणि वैनगंगेकाठच्या गावांत ज्यांची एक-दीड एकर बांधी आहे, त्यांना तरण्या मेंढ्या परवडत नाहीत. 2017 साली शासनाने आणलेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतला मुख्य गट 20 मेंढ्या आणि 1 मेंढ्याचा, तोही भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी. आमचा माणूस तीन-चार मेंढ्यांचा. मेंढपाळ त्याला उतारवयाच्या मेंढ्या स्वस्तात देऊ करतो. घ्याव्या काय?

आधी तो त्या का विकतो, ते पाहू. त्याचा कळप दिवसभर चालतो. दात झिजलेली मेंढी मागे पडते आणि उपाशी राहते. पावसाळ्याच्या तोंडावर तिला काढून टाकणे ही लबाडी नव्हे, तो त्याचा हिशेब आहे. आपल्या दारी मात्र तिला चालायचे नाही. चारा तिच्याकडे येणार. म्हणजे ती थकली ती चालीला, विण्याला नव्हे. एक-दोन वेते तिच्यात असू शकतात, आणि जुनी मेंढी बहुधा कोकराला चांगली सांभाळते.

पण स्वस्त म्हणून डोळे मिटून घेऊ नये. तोंड उघडून पाहा. मेंढीला पुढचे दात खालीच असतात, एकूण आठ. सव्वा-दीड वर्षाला पक्क्या दातांची पहिली जोडी येते, पुढे वर्षाला साधारण एकेक, आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास तोंड भरते. त्यानंतर दात लांबतात, फटी पडतात, तुटतात. पुढचे दोन-तीन गेले तरी निभते. दाढा गेल्या तर निभत नाही. गालावरून हात फिरवा. गाठ लागली किंवा रवंथ तोंडातून गळत असला तर पुढे चला. कास दाबून पाहा. दोन्ही बाजू मऊ हव्यात. पापणी उलटा, आत पांढरे फटक दिसले तर अंगात रक्त नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भूमीची. हा धानाचा, बोड्यांचा मुलूख. ओलीत खूर सडतात. पाणथळ जागी गोगलगाय असते, तिच्यातून निघालेला जंत गवताला चिकटतो आणि मेंढीच्या काळजात जाऊन चपटा किडा होतो. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज दिसली तर हा संशय धरा. म्हणून बोडीच्या काठी चारू नये. बसायची जागा उंच आणि कोरडी ठेवावी. जंताचे औषध आणि पावसाआधीची आंत्रविषाराची लस पशुवैद्यकाला विचारून द्यावी. नवी मेंढी तीन आठवडे वेगळी बांधावी. कोरड्या पठारावरून आलेल्या मेंढीपेक्षा याच मुलखात पाच-सहा पावसाळे काढलेली घ्यावी. त्या पावसाळ्यांनी तिची परीक्षा घेतलेली असते.

तिसरी गोष्ट खर्चाची. तिची किंमत कमी, पण खाणे कमी नाही. नुसती तणस तिला चावत नाही. कोंडा भिजवून द्या, लाखोळीचा भुसा द्या, झाडपाला बारीक करून द्या. गाभणपण पाच महिन्यांचे. शेवटच्या दीड महिन्यात कोकरू सर्वांत जास्त वाढते, तेव्हा हात आखडू नये. एवढे घालायची तयारी नसेल तर स्वस्त मेंढी महागात पडते.

आणि खरी कमाई कुठली? तिचे मादी कोकरू. नर विका, मादी राखा. म्हातारीच्या पोटातून तरणी मेंढी घरात येते, आणि ती याच ओलीत वाढते. मेंढा पाळू नका. शेजारच्या कळपातला मागून आणा.

एक बोलणे मात्र व्यवहाराआधी घरात व्हावे. वेते संपल्यावर तिचे काय करायचे? बाजारात द्यायची की दारीच ठेवायची? दोन्हींत पाप नाही. पण ठरवले नाही तर ती अर्धपोटी खुंट्याला राहते आणि घरात रोज कुरबूर होते. कामगाराला निवृत्तीचा प्रश्न मांडायला संघटना असते. मेंढीला नसते. तिच्या बाजूने आपणच बोलायचे, आणि तेही पैसे मोजण्यापूर्वी.