पुढचा माणूस आधी तयार करा



डोंबिवलीत एक नाका कारखान्याच्या नावाने ओळखला जातो, विको नाका. इथल्या पेंढरकर महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, ते केशव विष्णू पेंढरकर या विकोचे संस्थापक. 1952 साली परळच्या राहत्या घरात दंतमंजन तयार व्हायचं, आणि केशवराव व त्यांचे मुलगे ते दारोदार फिरून विकायचे. पुढे डोंबिवलीत कारखाना उभा राहिला. दारोदार विक्रीची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल.

औषधनिर्माणशास्त्र शिकलेले केशवरावांचे चिरंजीव गजाननराव 1957 मध्ये वडिलांच्या धंद्यात आले. केशवराव गेले 1971 मध्ये. मधली 14 वर्षं बापलेक एकाच धंद्यात होते. त्यामुळे सूत्रं हाती आली तेव्हा गजाननराव नवखे नव्हते. 1975 मध्ये त्यांनी हळदीचं क्रीम आणलं. पिवळं क्रीम चेहऱ्याला लावा, हे गिऱ्हाइकाला पटवणं सोपं नव्हतं. त्यात 1978 मध्ये अबकारी खात्याशी वाद उभा राहिला : हे आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन? कराचं सगळं गणित त्यावर होतं. वर्षानुवर्षं चाललेला हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मला विशेष वाटतं ते हे, की डोक्यावर ही टांगती तलवार असताना 1984 मध्ये विकोने दूरदर्शनवरची 'ये जो है जिंदगी' ही मालिका प्रायोजित केली. धंद्यात मुरलेला माणूसच असा निर्णय घेऊ शकतो.

आता आपल्या वागळे इस्टेटमधला किंवा डोंबिवली एमआयडीसीतला एखादा गाळा डोळ्यांसमोर आणा. चेकवर सही मालकाची, कच्च्या मालाचा भाव मालकाच्या डोक्यात, गिऱ्हाइकाचा फोन मालकालाच. मालक तापाने झोपला की माल गाळ्यातच राहतो. बँकेच्या कर्जासाठी सीएकडून तीन वर्षांचे आकडे मांडून घेतले जातात, त्यात नवं यंत्र असतं, वाढीव विक्री असते. ते काम सांभाळणार कोण, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. ऑर्डरी दुप्पट होतील, मालक दुप्पट होणार नाही.

म्हणून उद्योजक बंधू-भगिनींनो, एक विनंती. मुलगा असो, मुलगी असो, की सुरुवातीपासून सोबत असलेला फोरमन, या महिन्यात एक गिऱ्हाईक पूर्णपणे त्यांच्या हाती द्या, वसुलीसकट. आणि पुढच्या खेपेला भाव ठरवताना त्यांना शेजारी बसवून घ्या.