पडणारा माणूस



जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांचे अर्ज लिहिण्यात आमची हयात गेली. शाळा नववीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. अशा माणसाने चित्रकलेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण एक चित्र आम्हांला बरेच दिवस स्वस्थ बसू देत नाही. तेही आम्ही पुस्तकात छापलेलेच पाहिले आहे.

आधी नॉर्वेच्या एडवर्ड मुंकची 'किंकाळी' घेऊ. चित्र १८९३ सालचे. कठड्याशी एक आकृती, तोंड वासलेले, वर लाल आकाश. ती आकृतीच ओरडते आहे असे बहुतेकांना वाटते. मुंकने लिहून ठेवले आहे ते निराळे. संध्याकाळी मित्रांबरोबर चालताना आकाश रक्तासारखे लाल झाले आणि साऱ्या सृष्टीतून एक किंकाळी गेल्याचे त्याला जाणवले. म्हणजे कानांवर हात आहेत ते ऐकवत नाही म्हणून! मागे दोन माणसे आपल्या चालीने चालली आहेत. त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आमची नजर नेमकी तिथेच जाते.

आता मुंबईला येऊ. १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून तैयब मेहतांनी जमावाने एका तरुणाला ठेचून मारताना पाहिले. त्यांचे वय तेव्हा बावीसच्या आसपास. पुढे कित्येक दिवस ते तापाने पडून होते. चित्रकार झाल्यावर १९६५ साली त्यांनी 'पडणारी आकृती' रंगविली. दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात, १९६८ साली, तिला सुवर्णपदक मिळाले. हल्ली मेहतांची चित्रे कोटींनी विकली जातात. त्या हिशेबात आम्ही शिरत नाही.

चित्रात ना जमाव, ना दगड, ना रस्ता. फक्त कोसळणारा देह. खरे सांगतो, आम्हांला प्रथम रागच आला. मारणारे कोण, मेला तो कोण, काही नको का सांगायला? आमच्या अर्जात हे सारे लागते!

वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात रुईच्या गाठींच्या थप्पीवरून एक हमाल आमच्या डोळ्यांदेखत पडला. आम्ही खाली उभे होतो. तो गेला. नुकसानभरपाईचा अर्ज आम्हीच लिहिला : तारीख, वेळ, थप्पीची उंची, साक्षीदारांची नावे. अर्जात बोट ठेवायला जागा नव्हती. सही करताना, म्हणजे अंगठा उठवताना, त्याची बायको म्हणाली, "भाऊ, पडतानी ते काही बोलले काय?"

अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. आम्ही "नाही" म्हणालो. तो ओरडला होता.

मेहतांनी ती कोसळणारी आकृती पुढे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा रंगविली. एका चित्रात त्यांचे का भागले नाही, असे आता आम्ही विचारीत नाही.